उघड्या हाताचा खेळ

राफाएल : पुन्हा. बाहेर जा, दार वाजव, आत ये. आणि या वेळी उजवा हात पुढे कर.

पद्माकर : डावा नाही का चालणार?

राफाएल : डावा? अरे, तू इंटरव्ह्यूला चाललायस की स्काउटच्या मेळाव्याला?

पद्माकर : राफ्या, आपण सरळ प्रश्नांवर येऊ या का? विचार मला, "मिस्टर रिसबूड, तुम्हाला कन्सल्टंटची ही पोस्ट का हवी आहे?" उत्तर पाठ आहे.

राफाएल : पाठ आहे हेच तर दुखणं आहे. रविवारच्या रडतखडत ट्रेनने, लेस्टरला पाऊण तास प्लॅटफॉर्मवर कुडकुडत, मी वेम्बलीहून नॉटिंगहॅमला आलो तो तुझं पाठांतर ऐकायला नव्हे. गेल्या वेळी तुला कशावरून टाकलं?

पद्माकर : हँडशेकवरून.

राफाएल : नीट सांग.

पद्माकर : पॅनेलवरच्या एकाने नंतर कुणापाशी तरी म्हटलं की, मिस्टर रिसबूड काम उत्तम करतात, पण हात हातात देतात तेव्हा वाटतं, हा माणूस आत आल्याबद्दल माफी मागतोय.

राफाएल : आणि म्हणून तीन महिने मी तुला हात दाबायला शिकवतोय. फोनवरून! बाहेर पेशंट खोळंबलेत आणि मी रिसीव्हर आवळून सांगतोय, "असा, पद्या, अंगठा वर, असा." सिप्पोरा म्हणते, ग्रँट मेडिकलला तुम्हाला दोघांना एकदमच खूळ लागलं असणार. तरी तिने पाचव्यांदा नवस बोललाय. तुला पोस्ट मिळाली की आमच्या घरी मलिदा, आम्हा बेने इस्रायलींचा नवसाचा प्रसाद. पोहे, गूळ, खोबरं, सगळं आणून ठेवलंय बाईने. चल, हात पुढे.

सुलक्षणा : अहो, फ्रीजरमधली मटारची पिशवी कुठे गेली? भावजींसाठी मटारभात करायचाय, तांदूळ भिजवून बसलेय मी.

पद्माकर : असेल तिथेच. आइस्क्रीमच्या खाली बघ.

सुलक्षणा : आइस्क्रीमच्या खाली, वर, मागे, सगळीकडे बघितलं. आणि तुमच्या पाठीमागे कार्पेटवर पाणी कसलं टपकतंय?

राफाएल : मीही मघापासून तेच बघतोय वहिनी, पण आपल्या वयात विचारायला बरं वाटत नाही.

सुलक्षणा : पुढे करा हात. दोन्ही. पिशवीसकट.

पद्माकर : हे बघ, आधी शांत राहायचं. मोडलेलं काही नाही. अठरा वर्षं या देशातली हाडंच बघतोय, एवढं कळतं मला.

राफाएल : देवा! हा हात आहे की बटाटावडा?

सुलक्षणा : अहो! हे काय करून घेतलंत? सकाळी गाडी धुवायला म्हणून गेला होतात ना?

पद्माकर : गाडी धुतली. येताना. कार वॉशमधून.

राफाएल : जाताना काय केलंस?

पद्माकर : खेळलो.

सुलक्षणा : काय खेळलात? कुणाशी? तुम्ही तर कॅरमसुद्धा कंबर धरून खेळता!

पद्माकर : पेलोटा. केपाशी.

राफाएल : मला यातला एकही शब्द कळलेला नाही. पहिल्यापासून सांग. आणि ती पिशवी हाताला परत लाव.

सुलक्षणा : ती माझी भाताची पिशवी आहे.

पद्माकर : पाच मिनिटं दे गं. तर, केपा माझा पेशंट. साठ वर्षांचा, सायकलच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला. जानेवारीत बर्फावरून घसरला, उजवं मनगट मोडलं. मी बसवलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. हाड झकास जुळलं होतं, पण मूठ काही उघडेना. फिजिओने स्पंजचा चेंडू दिला, दाबत बसा म्हणाली. त्याने तो नाकाशी नेला, हुंगला आणि म्हणाला, "हा चेंडू नाही. हा पाव आहे."

राफाएल : बरा वाटला मला हा माणूस.

पद्माकर : मी विचारलं, मग चेंडू कसा असतो? पुढच्या वेळी कोटाच्या खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. आपल्या सीझन बॉलपेक्षा लहान, पण वाजला तसाच. आत लाकडाचा गोळा, त्यावर रबर, त्यावर जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर, वरून चामड्याच्या हातमोज्याचं कातडं. स्वतः शिवलेला. म्हणाला, हा आमचा पेलोटा. स्पेन आणि फ्रान्सच्या मधे डोंगर आहेत ना, तिथला तो. बास्क. त्यांची भाषा जगात कुणाशी जुळत नाही आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

सुलक्षणा : आमच्या सासूबाईंसारखं.

पद्माकर : आता खेळ ऐक. समज, हा फ्रिज म्हणजे समोरची भिंत. ही कपाटांची ओळ डावी भिंत. मागे बागेचं दार, ती मागची भिंत. उजवीकडे मोकळं, तिथे बघणारे. म्हणजे तू आणि सुलक्षणा. मी चेंडू फ्रिजवर मारला. परत आला की तो तू मारायचा. जमिनीवर एकच टप्पा माफ. दुसरा पडला की पॉइंट गेला.

राफाएल : म्हणजे स्क्वॉश.

पद्माकर : स्क्वॉशला रॅकेट लागते राफ्या. इथे हात हीच रॅकेट. नागडा हात.

सुलक्षणा : ते लिंबू खाली ठेवा आधी. माझ्या फ्रिजवर काही मारायचं नाही.

पद्माकर : श्रीमंत प्रकारही आहेत त्यात. एकात लाकडी फळी असते. एकात सुपासारखी लांब, वाकडी टोपली हाताला बांधतात. चेंडू टोपलीत झेलायचा आणि त्याच झोक्यात भिरकावायचा. मोटरवेवरच्या गाडीच्या दुप्पट वेगाने जातो. त्याला हाय अलाय म्हणतात, त्यांच्या भाषेत आनंदाचा उत्सव. लोकांनी टोप घालून खेळायला सुरुवात केली, इतका आनंद. पण केपा म्हणतो, टोपली नंतरची. आधी हात आणि देवळाची भिंत. तिकडे गावागावात चर्चच्या भिंतीवर खेळतात, पाद्रीबाबासुद्धा झगा वर खोचून.

राफाएल : आणि तू कुठल्या चर्चवर खेळलास?

पद्माकर : काउन्सिलच्या फ्लॅट्समागे गॅरेजची रांग आहे. तिच्या टोकाला एक उंच विटांची भिंत आहे. तिच्यावर काउन्सिलचा बोर्ड आहे, "नो बॉल गेम्स".

सुलक्षणा : छान. म्हणजे कायदाही मोडलात.

पद्माकर : मोडला कसला, वापरला! खऱ्या कोर्टावर समोरच्या भिंतीला खाली पत्रा असतो. चेंडू पत्र्याला लागला, टण्ण वाजलं, की फाउल. केपाने काउन्सिलच्या बोर्डालाच पत्रा केलंय. बोर्डाच्या वर लागलं तर ठीक, बोर्डाला लागलं की टण्ण. वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "तुम्हाला वाचता येत नाही का?" मी म्हटलं, "मॅडम, मी एफआरसीएस आहे."

राफाएल : मग?

पद्माकर : म्हणाली, "मग तर लाजच वाटायला हवी." बरोबर होतं तिचं.

सुलक्षणा : पण आज कशाला, अहो? गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. पाचवा. तुम्हीच म्हणालात, हा शेवटचा, यानंतर फॉर्म भरणार नाही. ऑपरेशनं सगळी तुम्ही करायची, फायलीवर नाव दुसऱ्याचं, हे अकरा वर्षं चाललंय. सूट इस्त्री करकरून कोपरावर चकाकायला लागलाय माझ्या हातून. एक आठवडा थांबला नसता तो खेळ?

पद्माकर : नसता. केपा उद्या जातोय. कायमचा. बिल्बाओजवळ बहीण आहे त्याची, तिच्याकडे.

राफाएल : तरी तुझा काय संबंध?

पद्माकर : मी शब्द दिला होता. क्लिनिकमध्ये आपण काय वाट्टेल ते बोलतो रे. म्हटलं, "केपा, तू मूठ उघड, मी तुझ्याशी बावीसपर्यंत खेळतो." बावीस पॉइंटांचा डाव असतो त्यांचा. तो हसलासुद्धा नाही. दोन महिने आला नाही. आणि परवा शुक्रवारी आला, माझ्या टेबलावर पंजा ठेवला. पाचही बोटं सपाट. म्हणाला, "सोमवारी जातो. रविवारी दहा वाजता."

राफाएल : सांगायचं ना त्याला इंटरव्ह्यूचं.

पद्माकर : तोंडापर्यंत आलं होतं. पण राफ्या, तो नऊ वर्षांचा असताना बोटीने इथे आला. सदतीस साल, तिकडे स्पेनमध्ये यादवी, बॉम्ब पडत होते. चार हजार पोरं साउदम्प्टनला उतरवली. आयांना सांगितलं, तीन महिन्यांसाठी पाठवा. त्याला एक्कावन्न वर्षं झाली. मोठा भाऊ होता बरोबर, दोघं मिळून खेळायचे. भाऊ परत गेला, केपा राहिला. त्यानंतर चाळीस वर्षं तो त्या भिंतीवर एकटाच चेंडू मारतोय. समोर कुणी नाही.

राफाएल : तीन महिन्यांसाठी.

पद्माकर : हो.

राफाएल : आपण दोन वर्षांसाठी आलो होतो.

पद्माकर : मी त्याला तेच म्हटलं.

सुलक्षणा : असू दे. घ्या ती पिशवी, धरा नीट. भात साधाच करते.

राफाएल : बरं, खेळलास कसा ते तरी कळू दे.

पद्माकर : पहिलाच चेंडू त्याने मारला. भिंतीवरून उंच आला, ऊन डोळ्यांवर, मी मागे मागे गेलो आणि दोन्ही हातांत असा टिपला, असा टिपला राफ्या, की जिमखान्यावर टाळ्या पडल्या असत्या. आणि ओरडलो, "आउट!"

राफाएल : बरोबर आहे.

पद्माकर : काय बरोबर आहे? पेलोटात झेलला तर पॉइंट जातो! मारायचा असतो. तो बघतच राहिला. सात वेळा झेलला मी. सात! हाताला सवयच तशी. लहानपणापासून एकच शिकवण, येईल ते सोडू नकोस. सात पॉइंट मी नुसते झेलून घालवले. आठव्याला केपा जवळ आला आणि समजूत घालत म्हणाला, "डॉक्टर, तो तुझ्याकडे ठेवायला येत नाही."

सुलक्षणा : मग मारायला लागलात.

पद्माकर : मारायला लागलो आणि हात वारला. पहिल्या चार फटक्यांना दुखतं, नंतर कळतच नाही, घरी आल्यावर कळतं. खरे खेळाडू तळव्याला पट्ट्या चिकटवतात. मी अख्ख्या ट्रॉमा वॉर्डला पट्ट्या बांधणारा माणूस, स्वतः मोकळ्या हाताने गेलो.

राफाएल : स्कोअर?

पद्माकर : बावीस-तीन.

राफाएल : तीन कसे काय मिळाले?

पद्माकर : दोनदा त्याचा चेंडू बोर्डाला लागला. टण्ण.

राफाएल : आणि तिसरा?

पद्माकर : तिसरा माझा. डावीकडच्या गॅरेजच्या दाराला घासून गेला, कोपऱ्यात मेला. केपाला हलता आलं नाही. तिसरा मी कमावला, राफ्या. या देशात एवढी निखळ गोष्ट मी क्वचितच कमावली असेल.

सुलक्षणा : आणि त्या आनंदात हात असा फुगला?

पद्माकर : नाही, तो थोडा नंतर. खेळ संपल्यावर केपा म्हणाला, तळवा जमिनीवर ठेव. ठेवला. तो त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला.

राफाएल : पाय देऊन?

पद्माकर : बूट काढून. सूज पसरते म्हणे. तिकडे असंच करतात.

राफाएल : म्हणजे हाडांचा सर्जन, इंटरव्ह्यूला चार दिवस राहिलेले, काउन्सिलच्या गॅरेजमागे ओणवा होऊन हातावर पेशंट उभा करून घेतो?

पद्माकर : पेशंट नव्हता रे तो तेव्हा. उपचार करत होता. मग मला उठवलं आणि हात पुढे केला. मी आपला हात मागे घेतला, दुखत होता. तर चिडला. म्हणाला, "हरणाऱ्याने हात मागे घ्यायचा नसतो. तुझा सुजलाय, माझाही सुजलाय. दे." दिला. त्याने दाबला आणि म्हणाला, "छान खेळलास." बावीस-तीन, आणि छान खेळलास! डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्याही होतं, पण माझं दुखण्याचं.

सुलक्षणा : हो का? फक्त दुखण्याचं?

पद्माकर : मुख्यतः.

राफाएल : बरं, आता कामाचं बोलू. पॅनेलवर सात जण आहेत. सात हँडशेक. हा हात कुणी नुसता धरला तरी तू किंचाळशील.

पद्माकर : किंचाळणार नाही. सभ्यपणे कण्हेन.

राफाएल : कारणही लागेल. गाडीच्या दारात सापडला म्हणून सांग. खेळाबिळाचं अक्षर काढायचं नाही. त्यांच्यापुढे दुसरा उमेदवार टिमथी आहे, चौतीस वर्षांचा, शांत, केस नीट विंचरलेले. तुझा हा बावीस-तीन ऐकला की संपलंच.

सुलक्षणा : टिमथी पण आहे? तो, ज्याला पहिलं हिपचं ऑपरेशन यांनी हात धरून करायला लावलं तो? आपल्याकडे पुरणपोळी खाऊन गेलेला?

पद्माकर : तोच. हातोडीसुद्धा टोकाला धरायचा. म्हटलं, बाबा, मुठीत घट्ट धर, पेशंटला कळतं. आता चांगली पकड आहे त्याची.

सुलक्षणा : मग मी सांगते ते करा. नमस्कार करा.

पद्माकर : कुणाला?

सुलक्षणा : सातांना. एकच, मोठा. हात द्यायचा प्रश्नच मिटला.

पद्माकर : अठरा वर्षांत मी एकाही इंग्रज माणसाला नमस्कार केलेला नाही. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मेट्रनला केला होता, तर तिने विचारलं, तुम्हाला प्रार्थनेसाठी वेगळी खोली हवी आहे का?

राफाएल : पद्या, करून दाखव.

पद्माकर : काय?

राफाएल : नमस्कार. दारातून आत ये आणि कर.

पद्माकर : हा बघ... आई गं!

राफाएल : चेहरा जरा आनंदी ठेवता येईल का?

(गुरुवार, संध्याकाळचे सहा. पद्माकर खालच्या फोनवर, सुलक्षणा वर बेडरूममधल्या एक्स्टेंशनवर, राफाएल वेम्बलीत.)

राफाएल : हॅलो, पद्या? बोल. चार वाजल्यापासून फोनपाशी बसलोय.

पद्माकर : थांब. सुलक्षणा, वरचा फोन उचललास का?

सुलक्षणा : केव्हाच. भावजी, आल्यापासून कोटसुद्धा काढला नाही यांनी. म्हणे, दोघांना एकदमच सांगेन, दोनदा सांगवणार नाही. आता बोला.

पद्माकर : बाहेर आम्ही चौघं होतो. टिमथी माझ्याशेजारी. बिचारा एवढा घाबरला होता की मीच त्याला पाणी आणून दिलं, डाव्या हाताने. मग माझं नाव पुकारलं.

राफाएल : आत गेलास. आणि?

पद्माकर : केला नमस्कार. दारात उभं राहून, दोन्ही हात जोडून. तळव्याला तळवा टेकला आणि घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून. त्यांना वाटलं, प्रसंगाचं गांभीर्य. चार जण अर्धवट उठले, दोघांनी हात जोडले, एकाने छातीवर क्रॉस काढला.

राफाएल : चांगली सुरुवात आहे ही.

पद्माकर : मी बसलो. तर त्यांच्यात बाहेरून आलेला एक म्हातारा सर्जन होता. म्हणाला, "मिस्टर रिसबूड, तो हात जरा दाखवा." टेबलावर ठेवला. सातही डोकी खाली वाकली.

राफाएल : गाडीचं दार.

पद्माकर : जिभेवर होतं राफ्या. पण समोर बसलेला माणूस चाळीस वर्षं हात बघतोय. दारात सापडलेला हात असा सुजत नाही, हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे मला. म्हटलं, "सर, पेलोटा."

राफाएल : संपलं.

पद्माकर : त्याने विचारलं, म्हणजे काय? मग मी सांगितलं. उभा राहिलो. पाण्याचा जग समोरची भिंत, फायलींचा ढीग डावी भिंत. टोपली सांगितली, पाद्रीबाबा सांगितले, "नो बॉल गेम्स" सांगितलं. सात वेळा झेलला म्हटल्यावर तो क्रॉसवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला. केपाची मूठ कशी मिटली होती, कशी उघडली, तेही सांगितलं. बारा मिनिटं बोललो. पाठ केलेलं एक वाक्यही आलं नाही.

सुलक्षणा : आणि हे पोस्टबद्दल कधी बोललात?

पद्माकर : पॅनेलच्या अध्यक्ष एक बाई होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "इतका महत्त्वाचा इंटरव्ह्यू होता, तर तुम्ही खेळ पुढे का नाही ढकलला?"

राफाएल : तू काय म्हणालास?

पद्माकर : गाडीत एक सुंदर उत्तर सुचलं. पेशंटने मूठ उघडल्यावर डॉक्टरने आपली मिटून कशी घ्यावी, असं काहीतरी. पण ते गाडीत, नंतर. तिथे एवढंच म्हणालो की, "तो सोमवारी जाणार होता."

सुलक्षणा : पुरेसं आहे ते.

राफाएल : पद्या, निकाल.

पद्माकर : तासभर बाहेर बसवलं. मग सेक्रेटरी आली आणि टिमथीला आत बोलावलं. मिळालेल्यालाच परत बोलावतात, तुला माहितीये.

राफाएल : हं.

पद्माकर : मला वाईट वाटतंय राफ्या. विनोद नाही करत. आधीच्या चार वेळी एवढं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी तिथे नव्हतोच, माझं पाठांतर होतं. या वेळी मी होतो. सगळा. आणि तरी नाही मिळालं.

सुलक्षणा : अहो...

पद्माकर : थांब, अजून आहे. टिमथी बाहेर आला. कान लाल, कुणाकडे बघावं कळेना. माझ्यापाशी आला, काहीतरी पुटपुटला आणि हात पुढे केला. माझे दोन्ही हात वर आले होते नमस्काराला, जोडलेच होते जवळजवळ. सात साहेबांपासून चार दिवस जपलेला हात होता तो. आणि अर्ध्यात थांबलो.

राफाएल : का रे?

पद्माकर : हरणाऱ्याने हात मागे घ्यायचा नसतो. दिला. उजवा.

सुलक्षणा : काय म्हणावं तुम्हाला!

पद्माकर : त्याने दाबला. घट्ट. वरून दुसराही हात ठेवला. त्याला काय ठाऊक? नमस्कार आत झाला, हात तर त्याने बघितलाच नव्हता. आणि पकड चांगली आहे त्याची. मीच शिकवलेली.

राफाएल : ओरडलास?

पद्माकर : नाही. म्हटलं, छान खेळलास.

राफाएल : कसा होता हँडशेक?

पद्माकर : आजवरचा सगळ्यात चांगला. तू बघायला हवा होतास. अंगठासुद्धा वर होता.

राफाएल : सिप्पोरा इथे उभी आहे. विचारतेय.

पद्माकर : तिला सांग, नवस फळला नाही. पोहे ठेवून दे म्हणावं.

राफाएल : ती म्हणते, ठेवणार नाही. मलिदा शनिवारचा शब्बाथ संपला की करतेय, हात बरा व्हायला. म्हणते, एवढं साधं मागितलं तर देव ऐकेल. रविवारी घेऊन येतो. दहाची गाडी.

पद्माकर : येताना चामड्याचे हातमोजे आण जुने असले तर. केपा चेंडू ठेवून गेलाय माझ्याकडे. हरणाऱ्याकडे राहतो म्हणे.

राफाएल : मी? माझं वय काय, माझा गुडघा काय!

पद्माकर : तू नुसता झेल. सात पॉइंट तरी मला मिळतील.

सुलक्षणा : भावजी, ठेवा आता फोन. आणि अहो, तुम्हीही ठेवा, डाव्या हाताने. कोट काढा, मी खाली येतेय. दुपारी मटारची नवीन पिशवी आणलीय मी.

पद्माकर : भाताला?

सुलक्षणा : भाताला नाही.